हुकुमावरून, पण कुणाच्या?

मुलगा घराखालच्या दुकानात पाट्या रंगवायचा. ‘थुंकू नये’, ‘सायकली लावू नयेत’, ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये’. आणि प्रत्येक पाटीच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, ‘हुकुमावरून’. गिऱ्हाइकानं सांगितलं नसलं तरी हा शब्द तो पदरचा घालायचा. त्याच्याशिवाय पाटी त्याला बिनशेपटीच्या मांजरासारखी वाटे.

आई गच्चीच्या जिन्यावरून घसरली, मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. ते निघालं आणि दुसऱ्याच दिवशी आईसाहेब धुण्याची बादली घेऊन पुन्हा वर निघाल्या. तेव्हा तोंडानं सांगायचं सोडून त्यानं जिन्याच्या दारावर पाटीच ठोकली. ‘आईने वर जाऊ नये. हुकुमावरून.’

आईनं चष्मा पुसून पाटी वाचली आणि सुनेला हाक मारली.

“हुकुमावरून म्हणजे कुणाच्या गं?”

“मला नका विचारू, आई. मी कानांवर हात ठेवलेत.”

मुलगा ब्रश धूत होता. “डॉक्टरांच्या,” तो म्हणाला.

“डॉक्टर म्हणाले, सांभाळून जा. मनगट मोडलं होतं माझं, कान नाही.”

“बरं, मग ‘आज्ञेवरून’ लिहितो.”

“आज्ञा वडीलधाऱ्यांची. घरात वडीलधारी मीच. म्हणजे मी मलाच दटावलं म्हणायचं.”

“‘आदेश’ चालेल?”

“आदेशाखाली सही लागते. कर सही.”

“फर्मानच काढा की सरळ,” सून आतून म्हणाली.

“काढू दे. फर्मानाला बादशहा लागतो, याला अजून अंघोळीला टॉवेल हातात द्यावा लागतो.”

सून हसली, मुलगा हसला नाही. इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शब्दाची गंमतच ती. हुकूम दिसतो, देणारा दिसत नाही, म्हणून तर लोक निमूट ऐकतात. इथे मात्र देणारा ओले हात घेऊन समोर उभा होता, आणि आईला ‘माझ्या’ म्हणायला त्याची जीभ रेटेना.

“तू पडलीस तो आवाज मला खाली दुकानात ऐकू आला होता,” तो शेवटी म्हणाला. “आता बादली नुसती वाजली तरी हात हलतो. अक्षर बिघडतं.”

आईनं पाटीवर बोट ठेवलं. “मग हे लिहायचंस.”

“असलं पाटीवर लिहितात का?”

त्यानं खिळे उपटले, पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि बादली उचलून तो आईच्या मागोमाग जिना चढू लागला. वळणावर तिला धाप लागली. ती पायरीवर बसली. वर अजून तेवढाच जिना बाकी होता. तिनं वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे. तो काही बोलला नाही. बोलला असता तर ती नक्की उठली असती.

“जा तू,” ती म्हणाली. “शर्ट उलटे करून वाळत घाल, नाहीतर रंग उडतो. आणि चिमटा कॉलरला लावू नकोस, खालच्या कडेला लाव.”

तो वर गेला. थोड्या वेळानं त्यानं वरून काहीतरी विचारलं.

“आधी झटकून घे!” ती ओरडली, आणि वळणावरच पाय पसरून नीट बसली.