एक पायरी खाली

रविवारी सकाळी चहा पिता पिता मुरलीधर पांढरीपांडे यांनी आपल्या मुलीला पीएच.डी.वरून बी.एस्सी.वर आणलं.

कारण साधं होतं. दुपारी तिला बघायला येणारा मुलगा एम.कॉम. होता. नवऱ्यापेक्षा बायको एक पायरी खाली असावी, हे जबलपूरच्या आम्हा मराठी मंडळींना कोणी शिकवावं लागत नाही. मुलींना शिकवू नका, असं आम्ही कधीच म्हणत नाही. आम्ही सुधारलेले. आम्ही त्यांना भरपूर शिकवतो आणि स्थळ आलं की पाहिजे तेवढं खाली उतरवून घेतो.

"तुझी पीएच.डी. कोणी चोरून नाही नेत," मुरलीधरराव म्हणाले. फॅक्टरीच्या ऑफिसातून निवृत्त झाले, तरी साहेबाच्या केबिनबाहेरचा मऊपणा आवाजात अजून होता. "लग्न झाल्यावर सावकाश सांगू."

"सावकाश म्हणजे कधी, बाबा? नातवंडं झाल्यावर?" प्रणोती म्हणाली. "अन् मी काहून लपवू? कॉपी करून पास झाली का मी?"

"ऐक बेटा बाबांचं," कुंदाबाई चिवडा परतता परतता म्हणाल्या. "पहिल्यांदा जड जाते. मग जिभेला सवय होते."

आईला हे कसं ठाऊक, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

प्रणोती साडी नेसायला उठली. आतापर्यंतची स्थळं पीएच.डी. ऐकूनच मागे फिरली होती. शिवाय या वेदांगशी फोनवर बोलताना तिला चक्क हसू आलं होतं. हसवणारा मुलगा तिला गमवायचा नव्हता.

दुपारी वेदांग आणि त्याची आई पूर्णिमाबाई नागपूरहून गाडीने आले.

"तिलवाऱ्याच्या पुलावर काय जाम हो!" असं म्हणत पूर्णिमाबाईंनी खोव्याची जलेबी उचलली. "आमचं एकच म्हणणं आहे. मुलगी शिकलेली पाहिजे, पण बेताची. फार शिकलेली सून म्हणजे घरात इन्स्पेक्टर."

मुरलीधरराव सगळ्यांत जोरात हसले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात मोबाइल घेऊन एक तरुण शिक्षिका उभी होती. सरकारी सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर होती. दीपा नाव सांगितलं.

"अंकलजी, सर्वे है. प्रदेश में बड़े लोग कहाँ तक पढ़े हैं, बस इतना ही पूछना है."

"अभी मेहमान हैं, बाद में..."

"होऊन जाऊ द्या हो," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "आम्ही कुठे पळून राहिलो?"

आता नाही म्हणणं म्हणजे संशयाला पाट मांडून देणं. मुरलीधरराव खुर्चीत सावरून बसले.

"आप, अंकलजी?"

"बी.कॉम."

"दीदी?"

"बी.एस्सी." उत्तर वडिलांनीच दिलं. प्रणोतीने मान खाली घातली.

"और आंटीजी?"

"मॅट्रिक." हे उत्तर मुरलीधररावांच्या तोंडात इतकी वर्षं होतं, की पार गुळगुळीत झालं होतं.

कुंदाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलीच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. ती मान त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"एमएससी लिखो बेटा," त्या दीपाला म्हणाल्या. "गणित में. फर्स्ट क्लास."

"कुंदा!"

"ओरडता काहून? तुमच्या आईला मॅट्रिक सून पाहिजे होती, माझ्या बाबांनी मॅट्रिक दिली. तुम्हाला तर लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, ऑफिसात नको कळायला."

प्रणोती आईकडे बघतच राहिली. मग दीपाकडे वळली. "दीदी, मेरा भी बदलिए. पीएचडी."

दीपाचं बोट हवेतच थांबलं. "अंकलजी, सच वाला कौन-सा लिखूँ?"

मुरलीधररावांनी जलेबीच्या बशीकडे बघून हळूच म्हटलं, "ये जो बोल रहीं, वही."

पूर्णिमाबाई उठल्या. "घरी विचार करून कळवतो." वेदांग दारापर्यंत जाऊन वळला. "अभिनंदन," तो प्रणोतीला पुटपुटला आणि आईची पर्स सांभाळत जिना उतरला.

राज्यात उच्चशिक्षित बायका इतक्या कमी का, यावर आमच्याकडे चर्चासत्रं होतात आणि समोसे वाटले जातात. त्या दुपारी त्यांचा आकडा दोनने वाढला. नव्याने शिकलं मात्र कोणीच नव्हतं.

"स्थळ गेलं," मुरलीधरराव म्हणाले.

प्रणोती आईसमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"आई, सातवीत मी गणितात नापास झाली होती. बाबांनी ओमती मोहल्ल्यातल्या एका सरांकडे ट्यूशन लावली. ते सर छडीने मारायचे."

"हो."

"घरी येऊन मी तुझ्याजवळच बसून गणितं करायची. तू पोळ्या लाटत राहायची. मी चुकून राहिली, ते कळायचं तुला?"

कुंदाबाईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"दर वेळी," त्या म्हणाल्या. "कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलायची तू विसरायची. तू विसरली की मी लाटणं आपटायची. तुला वाटायचं, आई रागावली."