दोन बोटं रुंद

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे बरं का, जर्मन रणगाड्याच्या पट्ट्याची. एकीत एक गुंफलेल्या आम्ही शंभरेक बहिणी चाकांखालून फिरायचो, तेव्हा कुठे वरचं धूड हलायचं. आता लालबागच्या एका गाळ्यात मी तात्याची ऐरण आहे. बिजागऱ्या, पत्रे, मोर्च्यातल्या झेंड्यांची टोकं, सगळं माझ्या पाठीवर ठोकलं जातं.

तात्या मराठा पलटणीत होता. आफ्रिकेतून परतला तो गोष्टींचं पोतं घेऊनच. लढाई संपल्यावर कॉटन ग्रीनच्या गोदामात, भंगारात मी त्याला दिसले. उचलून आणलं आणि चाळीतल्या रखमाला म्हणाला, "ही बघा वहिनी! आपल्या रामदासापुढे आलेली गाडी हीच."

शेजारचा नाना खो खो हसला. "तिच्यावर नाव कोरलंय काय रे?"

"चालीवरून ओळखली!"

थाप होती. पण तात्याची ही थाप खरी निघाली. ती मीच होते.

रामदास म्हणजे रखमाचा नवरा. बेचाळीस साली तोब्रुकला बेपत्ता, एवढंच सरकारी कागदावर. पुढचं तात्याने रचलं. लढाईच्या आधी म्हणे जर्मनीत एका म्हाताऱ्या कारागिराने साहेबाला बजावलं, पट्टा रुंद करा, नाहीतर वाळूत रुतेल. साहेबाने त्याला हाकलला. "म्हणून पट्टा अरुंदच राहिला. तुमच्या दोन विती धरा वहिनी, त्याला दोन बोटं कमी! गाडी रुतली, पट्टा तुटला, आणि आमचा रामदास तिला टपली मारून पसार. कुठल्यातरी अरबाचे उंट वळत असेल. संयुक्त महाराष्ट्र झाला की येतोच बघा."

रखमा हसायची. यंदा जानेवारीच्या गोळीबारात चाळीतले दोघे गेले, त्यांच्या बायकांची कपाळं पांढरी झाली. रखमाचं कुंकू मात्र चौदा वर्षं जागेवर. खंडेनवमीला गाळ्यातली हत्यारं पुजताना ती मलाही हळदकुंकू लावायची. तिचं बोट टेकलं की मला वाळू आठवायची. वाळूवर जे होतं, तेही.

कारण साहेबाने म्हाताऱ्याचं ऐकलं होतं हो. मी रुंदच ओतली गेले. रुतले नाही, रामदासावरून गेले.

यंदा खंडेनवमीला माझा लाकडी ठोकळा दुभंगला. माझ्या दोन्ही कडा इतकी वर्षं त्यात बुडालेल्या. तात्याने मला धुतलं आणि पाटावर मांडलं. रखमाने करंडा उघडला, आणि थांबली. माझ्यावर एक वीत टाकली. दुसरी टाकली.

"भावोजी, दोन विती पुऱ्या भरतात."

"गंजून फुगली असेल."

"गजाली पुरे, थापा पुरे." तिचा आवाज चढला नाही. "ह्यांना कुठे ठेवलंत?"

तात्याने पाटावरचा घण उगाच सरळ केला. बाहेरून घोषणा देत मोर्चा गेला.

"तिथंच, वाळूत. ह्या हातांनी खड्डा केला, वहिनी."

रखमाने तळव्याने कपाळ पुसलं. उठताना आधाराला तोच तळवा माझ्यावर टेकला.

तात्या आता गोष्टी सांगत नाही. नुसता ठोकतो. लाल डाग घणाखाली केव्हाच गेला म्हणतात, मला दिसतो.

एक करा. गाळ्यात शिराल तेव्हा कानस उचला आणि माझी कड थोडी घासा. रोज थोडी. मला दोन बोटं अरुंद व्हायचंय.