खिडकीच्या आतले गिऱ्हाईक

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, मित्रांनो. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्या तोंडाला छत्तीस भोके पाडली होती. त्यांतली अकरा आता बुजली आहेत.

चौदा वर्षे मी एकाच बाईंच्या हातात होते. त्या आधी मातीत बोट खुपसून पाहायच्या आणि मगच मला वाकवायच्या. एका रोपाला भरपूर पाणी, शेजारच्याला नुसते शिंतोडे. असे का, हे कोडे मला कधी सुटले नाही. मग त्या पायरीवरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि मी तीन महिने नळाखाली आडवी पडून राहिले.

डॉक्टरांनी त्यांना रोज उठून बसायला सांगितले होते. पण त्या म्हणायच्या, "बसून बघायचं काय?"

त्यांचे यजमान शिंपी. बाहेर फुले दिसली तर ही उठेल, म्हणून त्यांनी खिडकीखालच्या वाफ्यात रोपे लावायला घेतली. रोपवाटिकेत जाताना खिशात कापडाचे तुकडे नेले. गुलाबी तेरडा आणि पिवळा चिनी गुलाब, रंग अगदी तुकड्याबरहुकूम. उंच तेरडा मागे भिंतीलगत, बुटका चिनी गुलाब पुढे रस्त्याच्या बाजूला. दुकानाच्या काचेत कापड मांडावे तसे. त्यांच्या हातून पाणी मात्र मी दोघांना सारखेच घालत होते.

बहर आला. येणारेजाणारे थांबून म्हणू लागले, "मास्तर, काय रंग जुळवलेत."

बाई आतून ऐकत होत्या. पाचव्या दिवशी त्यांना राहवले नाही. आधी कोपरावर, मग तळव्यांवर भार देत त्या उठून बसल्या आणि खिडकीतून खाली वाकून पाहिले.

"अहो, मला नुसता पाला दिसतोय."

"रस्त्यावरून छान दिसतं."

"रस्त्यावरून? माप कुणाचं घेतलंत? गिऱ्हाईक आत बसलंय."

बाई उठून बसल्या आहेत, हे मास्तरांना आत्ता उमगले होते.

"आणि कडेचा चिनी गुलाब सडलाय. एवढं पाणी कोण घालतं त्याला?"

"झारी घालते," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, माझे कोडे तेव्हा सुटले. तेरड्याला ओल लागते, चिनी गुलाबाला कोरडी माती. दोघांचे रंग जुळले होते, तहान जुळली नव्हती.

संध्याकाळपर्यंत वाफा उलटा झाला. बुटके खिडकीशी, उंच पलीकडे, मध्ये मातीचा लहान बांध. बाई बसल्या जागेवरून सांगत होत्या, "वीतभर डावीकडे. तुमची वीत नको, माझी."

आता सकाळी दहाला चिनी गुलाब उमलतो, तेव्हा त्या बसलेल्या असतात. कालपासून गज धरून उभ्याही राहतात.

तेव्हा दोन झाडे शेजारी लावाल, तर आधी विचारा: ती बघणार कोण, आणि त्यांना पाणी लागते किती. आणि काम झाले की मला रिकामी करून उपडी ठेवा. उरलेल्या पाण्यानेच गंज चढतो.