दाक्षक्काचे हात

बनशंकरीच्या जत्रेत त्या वर्षी चार-पाच नाटक कंपन्या उतरल्या होत्या. पत्र्याचे मांडव एकाला एक लागून, त्यामुळे एकाच्या पेटीचे सूर दुसऱ्याच्या संवादांत घुसायचे. तरी तिकिटासाठी रेटारेटी व्हायची ती आमच्याच दारात, कारण आमच्याकडे दाक्षायणी इलकल होती.

दाक्षायणी इलकल गावातल्या विणकराच्या घरची. माग सोडून सोळाव्या वर्षी ती कंपनीत आली. आधी नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत, मग नायिकेच्या मैत्रिणीच्या कामात, आणि नायिका टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या जागी. नायिका बरी होऊन परत आली, पण ती जागा काही तिला परत मिळाली नाही. दाक्षायणीचा आवाज मोकळा होता, वरच्या सुरात जाताना तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही. सगळे तिला दाक्षक्का म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

तिशी ओलांडली आणि सकाळी तिची बोटं मिटेनाशी झाली. मग मनगटं सुजायला लागली, मग गुडघे. हुबळीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे. तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उठलंय. हा जन्माचा सोबती. नेमाने औषध घ्या, तर आटोक्यात राहील. सध्या मात्र नाच आणि वजन उचलणं बंद."

दाक्षायणीने औषध सुरू केलं, बंद काहीच केलं नाही. आजारी नायिकेची जागा कशी भरली जाते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती सगळ्यांच्या आधी उठायची, चुलीवर पाणी तापवायची आणि पडद्याआड बसून त्यात हात बुडवून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "गळा शेकते." औषधाने मळमळायचं तेव्हा पित्त झालं म्हणायची. दुपारपर्यंत बोटं थोडी सुटायची, आणि रंग लावून उभी राहिली की तिला स्वतःलाही आपण आजारी आहोत हे पटायचं नाही.

त्या हंगामातल्या नाटकात एक अंगाई होती. घरातून हाकललेली सून तान्ह्याला घेऊन देवळाच्या पायरीवर गाते, आणि शेवटच्या ओळीला त्याला दोन्ही हातांनी वर उचलून चंद्र दाखवते. बाळ खरं होतं. कंपनीतल्या सुवर्णाचा मुत्तू, बसायला लागलेला, गुटगुटीत. सुवर्णा नणंदेचं काम करायची, तिचा नवरा विनोदी कामं करायचा. दिव्यांच्या उजेडात मुत्तू डोळे मोठे करून बघायचा आणि बायका जागेवरूनच त्याची दृष्ट काढायच्या.

रविवारचा दुपारचा खेळ होता. पहाटे कडाक्याची थंडी पडली होती आणि दाक्षायणीची मनगटं दुपार झाली तरी सुटली नव्हती. तिने अंगाई म्हटली. शेवटी मुत्तूला हातांनी न उचलता कोपरांच्या खोबणीत घेऊन कसंबसं वर केलं. टाळ्या पडल्या, मग मागच्या बाकांवरून आरोळी आली, "वन्स मोअर!" सगळा मांडव तेच ओरडायला लागला.

पेटीवर फकीरप्पा मास्तर होते. अशा वेळी ते तिच्याकडे बघायचे. तिने नजर खाली घेतली की पुढचा प्रवेश, मान हलवली की पुन्हा गाणं. मनगटांत सुया टोचत होत्या. पण शेजारच्या कंपनीच्या मांडवात तेव्हा चिडीचूप होतं, आपल्याकडचा हा गलका तिथपर्यंत जात असणार, हे तिच्या मनात आलं. तिने मान हलवली.

दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीला मुत्तू तिच्या हातांतून निसटला. तिच्या बोटांना तो धरताच आला नाही. फळीवर आपटल्याचा आवाज झाला, क्षणभर काहीच नाही, आणि मग पोराने टाहो फोडला. पडदा पडला.

कंपनीचे मालक चन्नवीरय्या धावत आले. "काय झालं? काय झालं, दाक्षायणी?"

"पाय अडकला," ती म्हणाली. "फळीत."

मुत्तूला बागलकोटला नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लहान हाड आहे, जुळेल. हात छातीशी बांधून त्याला परत आणलं. तो झोपेतही कण्हत होता.

इकडे मालकांनी रंगमंच उभारणाऱ्या हनमप्पाला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. "डोळे फुटले होते का तुझे? एक खिळा नीट ठोकता येत नाही?"

हनमप्पा पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. "ठोकला होता, मालक," एवढंच तो म्हणाला. पण मग त्यालाच वाटायला लागलं की राहिलाही असेल. त्याने फळी न फळी पुन्हा ठोकली. संध्याकाळी जेवला नाही. सकाळी बनशंकरीला नारळ फोडून आला आणि सरळ सुवर्णाच्या बिऱ्हाडात जाऊन मुत्तूच्या अंथरुणाशी डोकं टेकलं. "यव्वा, माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "पोराला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

दाक्षायणी शेजारच्या बिऱ्हाडात गरम पाण्यात हात घालून बसली होती. मधे फक्त तट्ट्याची भिंत. तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. तिने हात बाहेर काढले, पदराला पुसले आणि तशीच तिकडे गेली. मालकही तिथे मुलाला बघायला आले होते.

"हनमप्पा, ऊठ," ती म्हणाली. "फळी चांगली होती."

मालक म्हणाले, "पाय अडकला म्हणालीस ना?"

"खोटं बोलले. माझ्या हातांत जोर नाही. दीड वर्ष झालं. सकाळी मला वेणी घालता येत नाही, भाकरी मोडता येत नाही. डॉक्टरांनी उचलायला मनाई केली होती. कुणाला सांगितलं नाही." तिने हात पुढे केले. गरम पाण्याने लाल झालेले, सांध्यांशी फुगलेले. "पहिल्यांदा उचलला तेव्हाच कळलं होतं की पुन्हा जमणार नाही. तरी मी मान हलवली."

हनमप्पा उठला. तिच्याकडे बघितलंही नाही. "रात्रभर मी त्या फळ्या बडवत होतो, अक्का," असं म्हणून तो बाहेर गेला.

मालकांनी मुत्तूच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. "आज तीनचा खेळ आहे," ते म्हणाले. "आज गा. अंगाई कापडाच्या बाळावर कर. जत्रा संपली की घरी जा, औषधपाणी बघ. पुढचं पुढे." तेही निघून गेले.

सुवर्णा मुत्तूला थोपटत होती. दाक्षायणी तिच्यासमोर बसली. "शिव्या दे की मला," ती म्हणाली.

"मला माहीत होतं," सुवर्णा म्हणाली.

"काय?"

"तुझ्या हातांचं. चहाचा पेला तू दोन्ही तळव्यांत धरतेस. लुगड्याची गाठ माझ्याकडून मारून घेतेस, नखं रंगवलीत म्हणून. मी काय आंधळी आहे?" ती थांबली. "याचा बाप म्हणत होता, लाकडाचं बाळ द्या. मीच म्हटलं, नको. बायका माझ्या पोराची दृष्ट काढायच्या, मला ते गोड लागत होतं. आणि तू चिडलीस तर मला कंपनीत जड गेलं असतं. मग दिला रोज तुझ्या हातात, आणि विंगेत उभी राहून जीव मुठीत धरायचे."

दाक्षायणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हात पुढे केला, तसा सुवर्णाने मुत्तूला आपल्याकडे ओढून घेतलं.

"मी पण चुकले म्हणजे तुला माफ केलं असं समजू नको. जा आता. तीनला गायचंय तुला."

तीनच्या खेळाला मांडव भरला होता. आदल्या दिवशीची बातमी जत्राभर झाली होती आणि लोक तेच बघायला आले होते. दाक्षायणीने कापडाचं बाळ घेऊन अंगाई म्हटली. आवाज कुठेही कापला नाही, आणि याचीच तिला जास्त लाज वाटली. कुणी वन्स मोअर मागितला नाही.

वर्षभर ती इलकलला राहिली. औषधं बदलली, सूज उतरली, तरी दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. कंपनीने दुसरी नायिका घेतली. पुढच्या जत्रेच्या आधी मालकांचा निरोप आला: नव्या नाटकात सासूचं काम आहे, बरंचसं बाजेवर बसूनच करायचं, दोन गाणी आहेत, येणार का? ती आली. आल्या आल्या मालकांना म्हणाली, "ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सकाळीच सांगेन. लपवणार नाही." मालक म्हणाले, "सांग. मीही सारखं विचारणार नाही."

कधीकधी ती सकाळी खरंच तसं सांगायची, आणि तिची गाणी नवी मुलगी म्हणायची. त्या दिवशी दाक्षायणी विंगेत बसून ऐकायची. मुलगी चांगलं गाते आहे असं वाटलं की बरं वाटायचं, आणि त्याच्या मागोमाग जुनी भीतीही यायची. हनमप्पा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. ती बाजेवर बसायच्या आधी तो बाजेचे चारही पाय हलवून बघायचा, आणि तिला ते बघवत नसे.

मुत्तू आता धावत होता. तो जवळ आला की दाक्षायणी हात मागे घ्यायची, त्याला जवळ घ्यायची नाही. एके दुपारी सुवर्णाचा प्रवेश आला आणि नवरा मंचावर होता. सुवर्णाने इकडेतिकडे बघितलं, मुत्तूला उचललं आणि दाक्षायणीच्या मांडीवर ठेवलं.

"नको, सुवर्णा. दुसऱ्या कुणाला तरी दे."

"तू खालीच बसलीयस. मांडीवरून कुठं पडणार आहे?" सुवर्णा पदर खोचत म्हणाली. "भूक लागली तर डब्यात भाकरी आहे. त्याच्यात शेंगाचटणी घालू नको, तिखट आहे."

आणि ती मंचावर गेली. मुत्तूने डब्याकडे बोट दाखवलं. दाक्षायणीने डबा दोन्ही तळव्यांत दाबून धरला आणि झाकण फिरवायला लागली. त्याला वेळ लागला. मुत्तू वाट बघत बसला.