पुलावरचा गेरू

"आईला कुणी उचलून बसवायचं नाही. तिची ती बसेल. वेळ लागला तरी थांबायचं."

हे ह्यांचं सांगणं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण गाडीचं दार उघडलं की पांडुरंगरावांचा तो आवाज अजून माझ्या कानाशी येतो. मी "हो" म्हटलं होतं. त्या एका "हो"मुळेच आमच्या घरात गाडी उंच करायची की नाही, यावर महिनाभर खल चालला.

गाडी आमची लहानच. दिसायला जीप, उंचीला मोटार. माझ्या सासूबाई गंगाबाई तिच्यात बसतात ते बघण्यासारखं असतं. आधी सीटकडे पाठ करतात, मग "अम्मा तायी" म्हणत मागे टेकतात, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतात. डावा गुडघा वाकतच नाही. कुणी हात लावला की म्हणतात, "मी काय रागीचं पोतं आहे?"

दर संकष्टीला आम्ही कृष्णराजनगरच्या पुढच्या एका खेड्यात जातो. तिथं त्यांची धाकटी बहीण तुळसी अंथरुणाला खिळून आहे. दोघी बहिणी हातात हात घेऊन बसतात, भांडतात, पानं लावून खातात. तेवढ्यासाठी सासूबाई महिना काढतात.

आणि तिथं जायच्या वाटेवर कालव्याचा पूल आहे. त्याची पाठ मधोमध कुबडासारखी वर आलेली. गेल्या संकष्टीला गाडीचं पोट त्याच्यावर असं खरवडलं की माझे दात शिवशिवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किरणकुमारनं, माझ्या मुलानं, जाहीर केलं, "अम्मा, सोमवारी गाडी मेटगळ्ळीच्या गॅरेजला टाकतोय. स्प्रिंगच्या वर स्पेसरच्या जाड चकत्या बसवतात. दीड इंच वर येईल. मग पूल असो की डोंगर."

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणूनच त्यानं ती वेळ साधली असणार. मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाही कळलं नाही. आरती झाली, घंटा खाली ठेवली, आणि मी विचारलं, "मग सीटही दीड इंच वर येणार ना रे?"

"अल्लवा, येणारच की अम्मा, सगळी गाडीच वर येणार."

"मग अज्जी?"

तो गाडी पुसायला गेला. पण माझं मन गप्प बसेना. दीड इंच म्हणजे असं किती! देवघरातल्या पाटाएवढंसुद्धा नाही. मी कांबळं घेतलं, दीड इंच जाड होईल अशा घड्या घातल्या आणि मागच्या सीटवर पसरलं. म्हटलं, "अत्ते, जरा बसून बघता?"

सासूबाई आल्या, पाठ केली, टेकल्या. आणि घसरून पुन्हा उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा टेकल्या, पुन्हा घसरल्या. टाचा जमिनीवरून सुटल्या की त्यांना मागे रेटायला जोरच मिळेना. तिसऱ्यांदा त्यांनी दाराला दोन्ही हातांनी धरलं, तरी जमेना. मी पुढे सरकले, आणि मग तशीच थांबले.

किरण म्हणाला, "बाजूनं पायरी लावता येते अज्जी. एक पाय ठेवायचा, की वर."

"गुडघा वाकत असता तर तुझ्या पायरीला कशाला विचारलं असतं? नारळाच्या झाडावर चढले असते." सासूबाईंनी पदर सावरला. "साकु, पुरे झालं. करा उंच. तुळसीला सांगा, तुझी अक्का आता फोनवर येईल."

त्या आत गेल्या. त्यांनी त्या दिवशी पान लावलं नाही.

किरणचंही चुकत नव्हतं. पोट फुटून तेल सांडलं, तर भर शेतात अज्जीला घेऊन काय करायचं, ही त्याची काळजी. मी म्हटलं, "घासतं नेमकं काय?"

"खालचं."

"खालचं म्हणजे कुठलं? पुढचं, मागचं, मधलं? जाताना घासतं, की येताना?"

"अय्यो अम्मा! पूल एकच, गाडी एकच. दोन्हीकडून घासणारच की."

"तू वाकून बघितलंस?"

त्यानं बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. त्यानं फोन करून मेटगळ्ळीची तारीख पुढच्या संकष्टीनंतरची घेतली. एवढं त्यानं माझं ऐकलं.

आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आता कुणी कापड छापत नाही, पण कुठं काय टेकलं हे बघायचं तर ठसा उमटवून बघावं, हे आमच्या घरात कुणालाही सुचेल. उंबऱ्याच्या कडेला लावायचा गेरू माझ्याकडे असतोच. इथं त्याला केम्मण्णु म्हणतात. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी मी तो पाण्यात कालवत बसले होते. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. किती वेळ गप्प राहणार!

"पाण्यात कालवलास तर ओघळेल. पेज घाल."

मी भाताची पेज घातली.

"आता चिखल केलास. घट्ट झालं की ठसा फाटतो. आण इकडे." त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, पुन्हा थोडी पेज मागितली. लग्नाआधी बापाच्या कारखान्यात त्यांनी साड्यांचे काठ छापले होते. "कुणाला छापायचंय?" त्यांनी विचारलं.

"गाडीला."

त्या इतक्या हसल्या की किरण बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून मी उतरले आणि कुबडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत गेरूचा पट्टा ओढला. चाकांची जागा तेवढी सोडली. गाडी पार झाली. किरण पलीकडे उतरून, टॉवेल अंथरून, पोटाखाली डोकावला.

"काहीच नाही," तो म्हणाला. "कुठंच लाल नाही." त्याच्या आवाजात निराशा होती की नवल, कोण जाणे.

तुळसीमावशींकडे दोघी बहिणी पोटभर भांडल्या. मी नदीवर जाऊन आले. देवीच्या अभिषेकाला आणि माझ्या एकवेळच्या स्वयंपाकाला वाहत्या कावेरीचंच पाणी, असं माझं व्रत आहे. महिन्याभराचे कॅन मी तिथून भरून आणते. किरण दरवेळी म्हणतो, "अम्मा, नळाला येते तीही कावेरीच." मी दरवेळी म्हणते, "ती कोंडलेली, ही वाहती." त्यानं कॅन डिकीत ठेवले. मावशींच्या शेतातला तांदूळही त्यात चढला. तो नको म्हटलं की त्या रडतात.

परत पुलाशी आलो, तर गेरूवर कुणीतरी दोन जास्वंदी आणि एक लिंबू ठेवलेलं! रस्त्यात लाल पट्टा दिसला, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजावं?

"झालं," किरणनं कपाळावर हात मारला. "अम्मानं देव बसवला."

"नमस्कार कर आणि चल," सासूबाई म्हणाल्या.

फुलांवरून चाक कसं घालायचं? मी उतरले, फुलं आणि लिंबू ओंजळीत घेतलं आणि कठड्याजवळ उभी राहून म्हटलं, "आता ये." सकाळचा पट्टा वाळला होता, म्हणून बाटलीतला उरलेला गेरू मी त्यावर ओतला.

इतक्या वर्षांत गाडी पूल चढताना मी बाहेरून कधी बघितलीच नव्हती. पुढची चाकं चढली, उतरली, ठीक. मग मागची बाजू आली. जड म्हैस बसते तशी ती खाली दबली, आणि खर्रर्र!

किरण वाकला. मीही गुडघे टेकून वाकले. पुढचं पोट कोरडं. मागे, डिकीच्या बरोबर खाली, लुगड्याच्या काठासारखी लाल रेघ.

"डिकीत काय आहे?" सासूबाईंनी आतून विचारलं.

किरणनं डिकी उघडली.

"माझी कावेरी," मी म्हटलं, "आणि तुमच्या बहिणीचा तांदूळ."

"म्हणजे गाडी खुजी नाही. आपणच जड." त्या गालातल्या गालात हसत होत्या. मग एकदम हसू मावळलं. "तांदूळ नको म्हणून मी तुळसीला सांगणार नाही हं. आणि तू व्रत सोडायचं नाहीस माझ्यासाठी."

"कुणी काही सोडायचं नाही अत्ते," मी म्हटलं. किरणकडे वळले. "या पुलापुरतं ओझं माझं. पुढच्या खेपेला मी उतरवीन, चालत पलीकडे नेईन. तरीही घासली, तर खुशाल मेटगळ्ळीला ने. मी मौनात नसले तरी बोलणार नाही."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

त्यानं लाल रेघेवर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, "तांदूळ माझ्याकडे." आणि फोन काढून त्यानं मेटगळ्ळीची तारीख आणखी एक महिना पुढे ढकलली.

परवा पुन्हा संकष्टी झाली. परतताना पुलाशी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. आमचा गेरू धुऊन गेला होता, पण त्याच जागी ताजी शेवंती होती. देव बहुधा मुक्कामाला राहिला. किरणनं गाडी थांबवली, तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि पुढे गेला. सासूबाई मागच्या सीटवर होत्या, आपल्या आपण बसलेल्या, तोंडात पान.

"जपून गं," त्या म्हणाल्या. "सांडलीस तर पुन्हा नदीवर जावं लागेल. मी काही थांबायची नाही."

"थांबाल, अत्ते."

डिकी उघडली. पदर कमरेला खोचला, पहिला कॅन उचलून कुशीला घेतला, फुलांना वळसा घातला आणि पुलाच्या कडेकडेनं चालू लागले.