छेद सारखा का करायचा

पिवळ्या पुठ्ठ्याच्या चकतीची कड इतकी नेटकी कापलेली होती, की मेहनाजला ती पाहवेना. वर लॅमिनेशन, मागे चुंबक. फळ्यावर टक्‌कन बसत होती. एका चकतीचे दोन भाग, दुसरीचे तीन... समोर शिकवणारी कल्याणी असल्या वस्तू करत बसणाऱ्यांतली नव्हतीच मुळी. ऐन वेळी वहीचा कागद फाडून काम भागवायची आणि तो वेडावाकडा तुकडा मुलांना दाखवत स्वतःच हसायची. ते हसू कुठे गेलं हे मेहनाजला ठाऊक होतं, आणि म्हणूनच सहावी ब च्या त्या बुटक्या शेवटच्या बाकावर, गुडघे कुठे ठेवावेत हे न कळून, ती अवघडून बसली होती.

शेजारी धम्मदीप होता – निधी देणाऱ्या संस्थेचा माणूस. तरुण, नम्र, मांडीवर टॅब. मुख्याध्यापकांनी ऑफिसात सह्या करत न बसता वर्गात जावं, शिक्षकांना सोबत घेऊन शिकवणं सुधारावं, यासाठी त्यांचा निधी होता. त्यातून वाघोलीच्या या शाळेला एक जादा कारकून मिळाला. पोषण आहाराचे तक्ते, आधारच्या दुरुस्त्या सगळं त्याच्या गळ्यात पडलं आणि मुख्याध्यापिकाबाई मोकळ्या झाल्या. जन्मभर गणित शिकवून अखेर खुर्चीत अडकलेली मेहनाज पुन्हा खडूच्या वासात आली. किती हरखली होती! नवरा, अमीन, चेष्टेने म्हणालाही होता, "पगार तर तोच आहे, मग एवढी खूश कशाने?" आजचा पाठ बघून धम्मदीप ठरवणार होता, निधी पुढे चालू ठेवायचा की नाही. पण तिचा जीव त्यात अडकला नव्हता. कल्याणीने एकदा, एकदाच, पूर्वीसारखं तिच्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

पूर्वीसारखं म्हणजे... शाळा सुटल्यावर ऑफिसच्या दारात आली होती, आत यावं की नको अशी. "मॅडम, तो पृथ्वीराज रोज विचारतो, बेरजेत छेद सारखा का करायचा. मी सांगते, नियम आहे. पण खरं सांगू? मलाच माहीत नाही का ते." किती सरळ बोलली! असलं काही शिक्षक एकमेकांनाही सांगत नाहीत, मुख्याध्यापकांना सांगणं तर दूरच. मेहनाजने डबा उघडून उरलेली चपाती काढली, अर्धी इकडे ठेवली, तिसरा हिस्सा तिकडे.

"मोज. किती तुकडे?"

"दोन."

"दोन काय?"

कल्याणीने दोन्ही तुकड्यांवर बोट ठेवलं, मग कपाळावर हात मारून घेतला. "अहो मॅडम, दोन काय ते म्हणताच येत नाही! सारख्या मापाचे आहेत कुठे?" दोघी वेड्यासारख्या हसल्या होत्या आणि मग ते गणित लोणच्याशी खाऊन टाकलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढा चांगला दिवस मेहनाजला दुसरा आठवत नव्हता.

आणि मग सदाशिव पेठेतल्या हॉलमधली ती बैठक – निधी मिळालेल्या सगळ्या मुख्याध्यापकांची. प्रत्येकाने आपल्या शाळेत झालेला एक बदल सांगायचा. आणि मी... मी कल्याणीचा फोटो लावला. पडद्यावर, नावासकट, खाली ठळक अक्षरांत: 'शिक्षिकेला स्वतःलाच कारण माहीत नव्हतं.' त्यापुढे चपातीची गोष्ट. कौतुकच करायचं होतं ना मला? करायचं होतं, पण कुणाचं? टाळ्या पडल्या तेव्हा त्या कुणासाठी आहेत हे मला पुरतं कळलं होतं, आणि गोड लागलं होतं. बैठकीची चित्रफीत सगळ्या शाळांच्या ग्रुपवर गेली. दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करताना कल्याणी म्हणाली, "फोटो छान आलाय हं माझा, मॅडम." बस्स. पुण्यात भांडण एवढ्यावर मिटतं, म्हणजे मिटत नाही.

"मॅडम, बेरीज करण्यापूर्वी छेद समान का करावे लागतात?"

मेहनाज दचकली. पृथ्वीराज उभा होता, हात मागे बांधून. करावे लागतात! गावठाणातलं ते पोरगं, 'छेद सारखाच कशापायी करायचा ओ' म्हणून कल्याणीला भंडावून सोडणारं, आज पुस्तकासारखं बोलत होतं. प्रश्न संपताच त्याने सुटल्यासारखा श्वास टाकला आणि उत्तराची वाट न बघता बसला. कल्याणीने उत्तर दिलं – स्वच्छ, सुंदर, चकत्या फिरवत. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"क्या बात है," धम्मदीप कुजबुजला. "मुलं आपणहून प्रश्न विचारतात."

मेहनाजने मान हलवली. एक खरा प्रश्न होता या वर्गात, त्याचंही आपण पाठांतर करून ठेवलं, असं वाटून तिला रडू येईलसं झालं.

मेहनाजच्या लगेच पुढच्या बाकावर ऋतिका नावाची मुलगी वहीत गणित सोडवत होती. एक छेद दोन अधिक एक छेद तीन... उत्तर लिहिलं, दोन छेद पाच. मागून कुणी बघतंय हे जाणवताच तिने वहीवर तळहात ठेवला. "किती आलं?" कल्याणीने विचारलं, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पाच छेद सहा!" सगळ्यांत मोठा आवाज ऋतिकाचा होता, तळहात तसाच वहीवर.

तास संपला. व्हरांड्यात धम्मदीप म्हणाला, "माझी शिफारस पक्की, मॅडम. आणखी दोन वर्षं." आणि फोन कानाला लावून पुढे गेला. कल्याणी चकत्या पिशवीत भरत होती.

"मॅडम, पाठात काही राहिलं का?"

"कल्याणी, त्या बैठकीत मी जे..."

"ते असू द्या. पाठाचं सांगा."

ऋतिकाचं नाव अगदी ओठांवर होतं. पूर्वी ती म्हणाली असती, अगं, त्या पोरीला काडीचं कळलेलं नाही, चल, बसू तिच्याजवळ. तेवढंच तर आपलं काम. पण आता सांगायचं म्हणजे पुन्हा एकदा हिची चूक दाखवणं... पुन्हा पडदा, पुन्हा ठळक अक्षरं...

"काही नाही. छान झाला."

"थँक यू," कल्याणी म्हणाली. पण निघाली नाही. पिशवी भरून झाली होती, पुढचा तास सुरू होत होता, तरी ती क्षणभर मेहनाजकडे बघत उभी राहिली – रागाने नव्हे, काहीतरी शोधल्यासारखी – आणि मग जिना उतरू लागली.

हिलाही दिसली होती का ती वही? मी सांगते की गिळते, एवढंच बघायला थांबली होती का? इतके दिवस मेहनाजने गृहीत धरलं होतं, की जे जायचं ते त्या हॉलमध्ये टाळ्यांबरोबर गेलं. आता नुसतं हळहळायचं, आणि त्या हळहळण्यात थोडी सोयही होती. आता, जिन्यावरची पावलं ऐकताना, पहिल्यांदाच तिला वाटलं, की तेव्हा सगळं गेलं नसावं. थोडं उरलं असावं, अगदी आजपर्यंत... आत्ता, छान झाला म्हणेपर्यंत.