दोन बोटं आखूड

“बाबा, खरं सांगू? काकाचा बोर्ड जास्त पळतो.”

लेक पाण्यातून निथळत आली आणि तिने काकाचा सर्फबोर्ड बापासमोर वाळूत टेकवला. बापाच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं या किनाऱ्यावर बोर्ड घडवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागावं, आणि तेही पोटच्या पोरीकडून! रविवारी जुन्या धाटणीच्या बोर्डांची शर्यत होती. पोरगी कुणाचा बोर्ड घेऊन उतरते याकडे अख्ख्या किनाऱ्याचं लक्ष होतं. निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

काका म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. बारा वर्षं याच्याच शेडमध्ये बोर्डांसाठी फोम तासला आणि मग पलीकडच्या गल्लीत स्वतःचं काचेच्या दाराचं बोर्डांचं दुकान थाटलं. तिथे गिऱ्हाईक दिसलं की थोरल्याच्या पोटात दुखे, आणि तो उगाचच रंधा जोरात चालवी.

“इथल्या लाटा कमरेएवढ्या, त्यात आळशी. आखूड, रुंद, जाड बोर्ड हवा, माशासारखं दुभंगलेलं शेपूट हवं. मी हेच तर बनवतो!”

“काकानेही तेच बनवलंय.”

“मग फरक काय डोंबलाचा?”

“लाट मेली की तुमचा मागून बुडतो. त्याचा नाही बुडत.”

त्याने दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले. रेघ न् रेघ त्याचीच. चोर लेकाचा! फक्त शेपूट दोन बोटं आखूड, टोकाला बोथट. तो खो खो हसत सुटला.

बोर्डाचा आकार तो प्लायच्या फर्म्यावरून आखायचा. पहिल्याच वर्षी तो फर्मा खिळ्यावरून पडला आणि शेपटाचा कोपरा तुटला. तेव्हापासून तुटक्या कडेपाशी पेन्सिल आली, की पुढची दोन बोटं तो हाताच्या सवयीने वाढवी. कुणाला बोलला नव्हता. धाकट्याने तुटक्या कोपऱ्यासकट फर्मा उतरवला होता. नक्कल करायलाही अक्कल लागते!

आणि मग हसू ओसरलं. बोर्ड दोन बोटं आधी संपला, म्हणून शेपूट रुंद राहिलं. रुंद शेपूट मेलेल्या लाटेवरही तरंगतं. तीस वर्षं तो स्वतःच्या हाताने तेच निमुळतं करत आला होता.

तेवढ्यात धाकटा आला. मान खाली.

“दादा, तुझाच फर्मा आहे. न विचारता उतरवला, चुकलंच माझं. सोमवारी डझनभर बोर्ड घ्यायचेत करायला. काही चुकलं असेल तर सांग ना. तू म्हणशील तसं करतो.”

शेपूट दोन बोटं वाढव. एवढंच म्हणायचं होतं. धाकट्याने डोळे मिटून ऐकलं असतं, बाराही बोर्ड मागून बुडाले असते आणि गिऱ्हाईक मुकाट पुन्हा शेडच्या दारात आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते. लेक केस पिळत उभी होती.

“काही चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “शेपटाच्या कडेला हात लावू नकोस.”

“खरंच, दादा?”

“एकदा सांगितलं ना!”

रविवारी लेक काकाच्या बोर्डावर उतरली. किनाऱ्यावरून आरडाओरडा शेडपर्यंत येत होता. त्याने दार लोटून घेतलं, नवा फोम लाकडी घोडीवर ठेवला आणि फर्मा लावून रेघ ओढायला घेतली. तुटक्या कोपऱ्यापाशी येऊन पेन्सिल सवयीने पुढे सरकलीच. दोन बोटं.

त्याने ती रेघ अंगठ्याने पुसली.